पाच वाजताची सारंगी

उदेभान रहांगडालेला गाता येत नाही. वाजवता तर त्याहून येत नाही. गावच्या भजनात त्याच्या हाती टाळ आले की भजनी बुवा स्वतः उठून ते काढून घेतात. तरीही बोदलकसा ते तिरोडा या पट्ट्यात गाण्यातला माणूस कोण असं विचारलं, तर लोक त्याच्याच घराकडे बोट दाखवतात. कारण त्याला ऐकता येतं. हसू नका. तिरोड्यात माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, पस्तीस वर्षं झाली, आणि ज्याला खरोखर ऐकता येतं असा माणूस माझ्या काउंटरवर एकच आला.

लग्नात सासरा सायकल देत होता. यानं रेडिओ मागितला. ही १९७६ सालची गोष्ट. फुलवंतावहिनी अजून म्हणते की सायकल घेतली असती तर निदान मला तिरोड्याच्या बाजारात तरी बसवून नेलं असतं. तो रेडिओ त्या दिवसापासून उदेभानसोबत धानाच्या बांधीवर जायला लागला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड होतं, त्याच्या फांदीला टांगायचा आणि खाली चिखलात कामाला लागायचा. लावायचा ते शास्त्रीय गाणं. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करायला आलेल्या बाया सिनेमाचं लावा म्हणून ओरडायच्या, आणि त्यांच्यात सगळ्यांत मोठा आवाज वहिनीचा असायचा. "बंद करा ना तो रडना!" असं ती भर बांधीतून सांगायची. उदेभान ऐकायचा नाही. म्हणजे ऐकायचा, पण रेडिओ.

त्या रेडिओत त्याला एक सारंगीवाले खाँसाहेब सापडले. वर्षातून दोन-तीनदाच लागायचे. लागले की उदेभान बैल सोडून देऊन झाडाखाली उभा राहायचा. नागपूर केंद्र आमच्याकडून लांब पडतं, त्यामुळे सारंगीच्या निम्म्या वाटेवर खरखर. ती खरखर काढून दे म्हणून तो चार वेळा माझ्याकडे आला. मी चारही वेळा रेडिओ उघडून, पुसून, परत दिला. दोष रेडिओत नव्हताच, पण गिऱ्हाइकाला तसं सांगून माझं पोट कसं भरणार?

२००६ साली एका चहाच्या कंपनीनं रेडिओवर स्पर्धा लावली. दहा तुकडे ऐकवणार, राग आणि वाद्य ओळखून पोस्टकार्डावर लिहून पाठवायचं. पोस्टकार्ड मी लिहिलं, कारण उदेभानचं अक्षर वाचून दाखवायला त्यालाच सोबत पाठवावं लागलं असतं. नवव्या तुकड्यावरून आमचं भांडण झालं. मी म्हटलं तसं लिहिलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती.

दहाही उत्तरं बरोबर निघाली. बक्षीस होतं जहाजाचं. मुंबईहून निघून भर समुद्रात जाऊन परत यायचं. वर गाणारे-वाजवणारे मोठमोठे लोक, आणि मधला एक अख्खा दिवस, पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत, नुसत्या मैफिली. तिकिटं दोन. दोन म्हटल्यावर मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती, खोटं कशाला बोलू. पण उदेभान म्हणाला, "दुलीचंद, रेडिओ तिच्या बापाचा हाये. तिलेच नेतो." मला राग आला होता, तो बरेच दिवस टिकला.

कार्यक्रमाचा कागद आला त्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता छोट्या दिवाणखान्यात खाँसाहेबांची सारंगी होती. एक तास. त्यांचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढं होतं आणि यापुढं ते कुठं जाऊन वाजवणार नाहीत असंही त्या कागदावर छापलं होतं. उदेभाननं तो कागद घडी करून पुन्हा उघडला, पुन्हा घडी केली. जन्मात एकदा, खरखर नसलेली ती सारंगी समोर बसून ऐकायची, एवढंच त्याला हवं होतं. बाकी जहाज, समुद्र, फुकटचं जेवण, सगळं त्याला कोंड्यासारखं होतं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दोघांनी मला निरनिराळं सांगितलं आणि मी ते जुळवून घेतलंय. जिथं जुळत नाही तिथं वहिनीचं खरं धरलंय, कारण उदेभान त्यातला काही वेळ शुद्धीवर नव्हता.

जानेवारी होता. धान मळून झाला होता. मुंबईच्या धक्क्यावर उभं राहून दोघांनी जहाज पाहिलं तेव्हा आधी त्यांना ते जहाज वाटलंच नाही. पाण्याकाठची मोठी इमारत वाटली आणि जहाज कुठं आहे म्हणून ते तिच्या आजूबाजूला शोधत राहिले. नऊ मजले. बोदलकशाच्या तलावातल्या डोंग्यात चौघं बसले की काठ पाण्याला टेकतो, आणि इथं दीड हजार माणसं चढली तरी ते हललं नाही. वहिनीनं चढताना वाकून उंबऱ्याला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मागच्या एका बाईनं तिचं पाहून तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला सगळ्यांत वरच्या मजल्यावर, उघड्यावर, सनई होती. चारी बाजूंनी पाणी, एकही झाड नाही, एकही टेकडी नाही. आमच्याकडे कुठंही उभं राहा, नजर कशाला तरी जाऊन टेकते. तिथं टेकायला काही नव्हतं. उदेभान म्हणतो, "पहिला सूर निंगाला न, तो गेला तं गेलाच. वापसच नाई आला." तो सूर कुठवर गेला असेल याचा विचार करत तो कठड्याला धरून उभा राहिला आणि सूर्य वर आला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आपण चपला हातात घेऊन उभे आहोत.

नऊ वाजता मोठ्या दिवाणखान्यात एका गायिकाबाईंचा ख्याल होता. मऊ खुर्च्या, थंड हवा, मंद दिवे. उदेभानला बसून ऐकता येईना. जन्मभर उभ्यानं किंवा वाकून ऐकलेलं, हात चिखलात. तो दोनदा उठून मागं जाऊन उभा राहिला आणि दोनदा गणवेशातल्या पोरानं त्याला आणून बसवलं. मग बाईंनी सूर लावला आणि तो उठायचं विसरला.

परत आल्यावर माझ्या दुकानात बसून त्यानं मला विचारलं, "दुलीचंद, बाई सूर लावाच्या आंधी स्वास घेते. तो आयकू येते तिथं. तुया रेडिओत तो स्वास कुठं जाते रे?" तोवर तीस वर्षं मी रेडिओची आतडी काढत होतो. तो श्वास मला कुठं सापडला नव्हता. त्यानं अजून सांगितलं: बाईंच्या गळ्याची शीर उठलेली दिसते, तबलजीच्या बोटाखालची शाई दिसते, तंबोरा कानात नाही तर बरगडीत वाजतो, आणि चांगली तान आली की ती घेणारी बाई स्वतःच दचकून हसते. हे सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला होता की मी रस्त्याकडचं अर्धं शटर ओढून घेतलं.

त्या ख्यालातच त्यानं घोळ घातला. आमच्याकडे दंडारीत, म्हणजे गावच्या रात्रभराच्या नाच-गाण्याच्या खेळात, बक्षीस पुकारायची रीत आहे. गाणं मनाला भिडलं की ऐकणारा जागेवर उभा राहतो, आपलं नाव, गाव आणि काय देणार ते मोठ्यानं सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी दंडारवाले त्याच्या घरी जाऊन ते घेतात. पुकारलं नाही तर कलावंताला वाटतं आपलं काही चुकलं. बाईंनी एका तानेवरून अशी काही सम गाठली की उदेभान ताडकन उभा राहिला आणि त्या थंड, शांत दिवाणखान्यात दोन्ही हात वर करून ओरडला, "उदेभान रहांगडाले, मुक्काम बोदलकसा, तालुका तिरोडा, जिल्हा गोंदिया! बाईच्या गान्यावर खुश होऊन पाच पायल्या चिन्नोर! सकारी घरी येऊन घेऊन जा!"

भर समुद्रात. सकाळी घरी या म्हणे.

गाणं थांबलं. तीनशे माणसं मान वळवून बघायला लागली. गणवेशातली पोरं दोन्ही बाजूंनी धावली. वहिनी सांगते की जहाजाला भोक असतं तर मी त्यातून गेले असते. पण बाईंनी हात वर करून त्या पोरांना थांबवलं आणि वरूनच विचारलं, "चिन्नोर म्हणजे काय हो?"

वहिनीच खुर्चीतून म्हणाली, "तांदूर हाये जी. बारीक. वासाचा."

बाईंनी तंबोऱ्यावरचा हात काढून दोन्ही हात जोडले. तबलजी खाली मान घालून हसत होता, त्याच्याकडे त्यांनी असं पाहिलं की त्याचं हसू थांबलं. मग त्यांनी तीच तान पुन्हा घेतली, पहिल्यापेक्षा मोठी, आणि ती घेताना उदेभानकडे बघत होत्या असं वहिनी म्हणते. उदेभान म्हणतो डोळे मिटलेले होते. इथं मी उदेभानचं खरं धरतो, तो तान ऐकत होता.

मैफल संपल्यावर बाईंनी दोघांना बोलावून घेतलं, गाव विचारलं, रोवणा विचारला, आणि खाँसाहेबांसाठी तुम्ही आलात हे कळल्यावर म्हणाल्या, "त्यांच्या समोरच्या दोन खुर्च्या मी तुमच्यासाठी ठेवायला सांगते. अगदी पुढच्या." उदेभानला त्यानंतर जेवण गेलं नाही. गेलं असतं तर बरं झालं असतं, असं जहाजाचा डॉक्टर नंतर म्हणाला.

दुपारी दोननंतर वारा सुटला आणि नऊ मजल्यांची ती इमारत डोलायला लागली. उदेभानच्या पोटात समुद्र शिरला. त्यानं आधी कठडा धरला, मग भिंत, मग वहिनीचा खांदा, आणि शेवटी खोलीत पलंगावर आडवा झाला. नंतर बादली. वहिनीला मात्र काहीच झालं नाही. जन्मभर खाचखळग्यांच्या रस्त्यावर बैलबंडीत उभी राहून गेलेली बाई, तिला समुद्र काय करणार, असं तिचं स्वतःचं मत आहे. डॉक्टरनं येऊन सुई दिली आणि आता दोन-तीन तास उठू नका म्हणून बजावलं.

साडेचारला उदेभान उठला. धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, खोलीबाहेर पडला, आणि लांबलचक बोळात दहा पावलांवर गुडघ्यांवर बसला. पुन्हा उठला, पुन्हा बसला. दोन पोरांनी त्याला उचलून परत आणलं. पलंगावर टाकल्यावर तो रडायला लागला. आई गेली तेव्हा न रडलेला माणूस, वहिनीनं त्याला तसं कधी पाहिलं नव्हतं. ती त्याच्या पायातल्या चपला काढत बसली.

"तू जाय," तो म्हणाला.

"मी जाऊन का करू? माले समजते का त्यातलं?"

"खुर्ची खाली राहीन वो. खाँसाहेबाच्या समोर खाली खुर्ची नोको. तू जाय. मायासाठी आयक. राग कोनता ते कोनाले पूस. ध्यानात ठेव."

वहिनी गेली. वेणी नीट केली नाही, लुगडं बदललं नाही, तशीच.

छोटा दिवाणखाना, शंभरेक माणसं. पुढच्या रांगेत मधोमध दोन खुर्च्या रिकाम्या. ती एकीवर बसली आणि दुसरीवर पदराचं टोक टाकून ठेवलं, जागा धरल्यासारखं. खाँसाहेबांना दोघांनी धरून आणलं. एवढासा म्हातारा, मान हलत होती, हात हलत होते. वहिनीला वाटलं, हे काय वाजवणार? मग सारंगी मांडीवर आली आणि हात हलायचे थांबले.

तिनं पहिल्यांदा पाहिली ती बोटं. सारंगी बोटांच्या टोकांनी वाजत नाही, नखांच्या मुळाशी तार दाबली जाते, आणि तिथं खाँसाहेबांच्या प्रत्येक बोटाला घट्टा पडला होता, काळा, चिरलेला. रोवण्याच्या महिन्यात आमच्या बायांची बोटं होतात तशी. ती मला म्हणाली, "भाऊजी, मी समजत होतो का गानाबजाना म्हंजे बसल्या बसल्याचं काम. त्या मानसानं जलमभर रोवणाच केलन जी." पुढचा तासभर तिनं डोळे त्या बोटांवरून हलवले नाहीत. आपली बोटंही मांडीवर हलताहेत, एकेक परा, धानाचं रोप, चिखलात खोचल्यासारखी, हे तिला शेजारच्यानं पाहिल्यावर कळलं. तिनं हात पदराखाली घेतले, पण थांबवले नाहीत.

साडेसहाला ती खोलीत आली. उदेभान जागा होता.

"कोनता राग?"

"माले का मालूम."

"कोनाले पुसलीस?"

"नाई."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. वहिनी पलंगाच्या काठावर बसली. मग म्हणाली, "तो घरी जाऊन नाई राहिला."

"कोन?"

"सूर. घरी जाची वेर झाली, दिवस बुडून राहिला, तरी घरी जाऊन नाई राहिला. दारापासी येते, न फिरते. आनखी येते, आनखी फिरते. माया जीव कासावीस झाला जी. म्हटलं, जाय ना रे बाप्पा आंदर! अन् मंग एकदाचा गेला, तं मी रडलोच."

उदेभाननं तोंड भिंतीकडून फिरवलं.

"हा मांगं एकदा लागला होता," ती म्हणाली. "ज्या साली पानी उशिरा आला. आपन खालची बांधी सांजच्या वेरी रोवली, तुमी पऱ्याच्या पेंढ्या फेकून राहिले होते. त्या दिवशी बी हाच. माया हातच नाई उठे जलदी. सबन बाया पुढं गेल्या, मी मांगं."

"मारवा!" उदेभान उठून बसला. अंगातली सुई, पोटातला समुद्र, सगळं विसरून. "सत्त्याऐंशी साल. खाँसाहेबाचाच होता. मारवा वाजवलन का त्याईनं?"

"मारवा असन. मी त्याले खालच्या बांधीचा म्हनतो."

"म्हंजे? तू नावं ठेवली का?"

ठेवली होती. एकाला वरच्या बांधीचा, एकाला पहाटच्या चिखलनीचा, आणि एक होता त्यांची लेक रिंकी पोटात होती तेव्हाचा, तो लागला की पोर पोटात हलायची. वहिनी एकेक सांगत गेली. कोणता वर जाताना एक पायरी सोडतो आणि उतरताना त्याच पायरीवर बसतो, कोणता आधी हसवतो आणि मग गप्प करतो. उदेभान एकेकाचं खरं नाव सांगत गेला. एकदाही तिचं चुकलं नाही. उलट दोन ठिकाणी उदेभानच चुकला आणि तिनं सांगितलं की नाही, तो तर कापणीतला.

"मंग बंद करा, बंद करा काऊन म्हनत होती तू?"

"हात जड होते त्यानं. बाया मांगं राहत. रोवणा कोन उरकवन?"

उदेभान तिच्याकडे बघत राहिला. तीस वर्षं एका बांधीत वाकून काम केलेल्या बाईला तो पहिल्यांदा पाहत होता, हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना त्याला लाज वाटली नाही. तो तिला म्हणाला, "मी समजत होतो का मी एकलाच आयकून राहिलो."

"कान का तुमालेच हायेत का?" वहिनी म्हणाली, आणि त्याला पेज मिळते का बघायला निघून गेली.

माझा तिकिटाचा राग हे ऐकल्यावर गेला. मी गेलो असतो तर मी कुणाला तरी रागाचं नाव विचारून आलो असतो आणि त्याला तेवढं एक नाव आणून दिलं असतं. माणसाच्या कानात काय काय साठतं आणि ते त्याच्या घरच्यांनाही कळत नाही, याचा विचार करून मी त्या दिवशी एकही रेडिओ उघडला नाही.

खाँसाहेब २०१२ साली गेले. सकाळच्या बातम्यांत एक ओळ आली. मी दुकान बंद करून मोटारसायकलनं बोदलकशाला गेलो. माझ्याआधीच सात-आठ जण जमले होते. भजनी बुवा, माजी सरपंच टिकाराम, शेजारपाजारचे. सगळे सपरीत, म्हणजे ओसरीवर, उदेभानच्या भोवती बसले होते, घरातलं माणूस गेल्यावर बसतात तसे. टिकाराम त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "लय मोठा मानूस गेला, उदेभान. तुयाच जीवाचा होता."

उदेभाननं मान हलवली. "माले कायले म्हनता? मी तं रेडिओच आयकलो. खाँसाहेब आयकले तिनं. तिले म्हना."

वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होती. आम्ही आठ-नऊ पुरुष एकेक करून उठलो आणि तिच्यासमोर जाऊन उभे राहिलो. शेवटी बुवांनीच हात जोडले. वहिनीनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "बसा."

मग तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, म्हाताऱ्याला दोघांनी धरून आणलं तिथपासून. उदेभाननं हे शंभरदा ऐकलं असेल. तरी तो आमच्याआधी जाऊन तिच्यासमोर खाली बसला होता.